रडणे बंद, खाणे नियमित

सून प्रशिक्षणाला निघाली तेव्हा नातू दीड वर्षाचा होता आणि नात दुसरीत होती. माझा मुलगा पोलीस दलात शिपाई होता. कामावर जाताना अपघात होऊन तो गेला, त्या वेळी नातू सहा महिन्यांचा होता. पुढे अनुकंपा तत्त्वावर सुनेला नेमणूक मिळाली. प्रशिक्षण नऊ महिन्यांचे, परजिल्ह्यात आणि निवासी होते. मुलांना नेता येत नव्हते. नेमणूक नाकारली असती तर ती पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. तिच्या माहेरी आईवडील हयात नाहीत. मुले सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या घरी राहतील असे ठरले. ठरवले मीच.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. नातू भरलेले कपडे एकेक करून बाहेर काढत होता आणि ती ते पुन्हा आत ठेवत होती. तिने मला एकच प्रश्न विचारला.

"मामा, नऊ महिन्यांत हा मला विसरणार नाही ना?"

"तीन दिवस रडेल. चौथ्या दिवशी रुळेल," मी म्हणालो.

तिच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. त्या वेळी ते माझ्या लक्षात आले नाही. तिच्या आले असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही.

हे उत्तर माझ्याजवळ तयार होते. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरीची बहुतेक वर्षे वडूजला आणि त्या बाजूच्या गावांत गेली. घराणे आटपाडीकडचे, मेंढपाळाचे. कोकरू दुधापासून तोडायचे असेल तर त्याला मेंढीच्या नजरेआड नेऊन भागत नाही, आवाजाच्याही पलीकडे न्यावे लागते. तीन दिवस ते ओरडते. चौथ्या दिवशी चाऱ्याला तोंड लावते. मध्येच मेंढीचा आवाज कानी पडला तर सगळे पहिल्यापासून सुरू होते. हे मी शेकडो वेळा पाहिले होते आणि लोकांना समजावून सांगितलेही होते.

माणसाच्या बाबतीत मला माझाच दाखला पुरेसा वाटला. मला शाळेत घातल्यावर आईवडील दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. मी चुलत्याकडे राहत असे. ती दोघे पहाटे निघत, मला न उठवता. पहिल्या वर्षी मी रडलो असेन, आठवत नाही. पुढच्या वर्षी रडलो नाही, हे आठवते. मी शिकलो, नोकरीला लागलो. माझे काही बिघडले नाही, अशी माझी समजूत होती.

म्हणून मी सुनेला सांगितले, मूल झोपेत असताना नीघ, निरोप घेऊ नकोस. तिने ऐकले. पहाटेच्या गाडीने ती गेली. नात जागी होती. "बाळाकडे बघ," एवढे आईने तिला सांगितलेले मी ऐकले.

खिशातल्या डायरीत नोंदी ठेवण्याची सवय मला नोकरीत लागली. ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्या आठवड्याच्या नोंदी अशा आहेत:

पहिला दिवस. सतत रडणे. दूध नाकारले.

दुसरा दिवस. रडणे चालू. आवाज बसला. संध्याकाळी चार चमचे पेज.

तिसरा दिवस. थांबून थांबून रडणे. दाराशी बसतो.

चौथा दिवस. रडणे बंद. खाणे नियमित.

चौथी नोंद करताना मला समाधान वाटले होते. हे येथे लिहिणे भाग आहे.

प्रशिक्षण केंद्रात रविवारी चार ते पाच या वेळात घरी फोन करण्याची मुभा होती. पहिल्या रविवारी सुनेने व्हिडिओ कॉल केला. नातवाने पडद्यावरचा चेहरा पाहिला, फोन उलटा करून त्याच्या मागे पाहिले, मग तो उठला आणि घरभर फिरला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटामागची सांद, सगळीकडे पाहून तो परत आला, तोपर्यंत फोन बंद झाला होता. त्यानंतर तो दिवेलागणीपर्यंत रडला आणि त्याला उलटी झाली. मी त्याच वेळी निर्णय घेतला.

पत्नीला तो पटला नाही.

"आवं, आवाज तरी ऐकू द्या की लेकराला."

"आवाजच नको. सगळे पहिल्यापासून सुरू होते."

"तुमाला पेन्शन लागून धा वर्सं झाली. दवाखाना बंद करा की आता."

"तू तुझे गुडघे सांभाळ."

"गुडघं माजं हायती, मी बघीन. त्येचं कोन बघनार?"

घरात माझा शब्द मोडला जात नसे, आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढचे सगळे रविवार मी फोन गच्चीवर घेऊन गेलो. नात आईशी दहा मिनिटे बोलत असे. भावाविषयी विचारले तर झोपला आहे असे सांगायचे, हे मी तिला बजावले होते. सात वर्षांच्या मुलीला मी खोटे बोलायला शिकवले आणि ती चांगले शिकली. एका रविवारी सुनेने मलाच विचारले.

"मामा, दर रविवारी चार वाजता तो झोपलेलाच कसा असतो?"

"त्याची ती झोपेचीच वेळ आहे."

मग ती म्हणाली, "बरं. मोठीला द्या."

नातवाचे वजन वाढले. त्याने हट्ट केला नाही, वस्तू फेकल्या नाहीत. शेजारपाजारचे लोक त्याला गुणी म्हणू लागले. बहीण साडेदहाला शाळेत गेली की तो फाटकाच्या जाळीशी जाऊन बसे आणि पाचला ती दिसली की उठे. मधल्या वेळात पत्नी त्याला तिथेच भरवी.

"सकाळधरनं हितंच बसलाय. घास दिला तर खातोय, न्हाई दिला तर मागत न्हाई."

"त्रास देत नाही, हे चांगलेच आहे."

"लेकरानं तरास द्याचा असतोय, आवं," ती म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचत राहिलो.

नात बदलली तेही हळूहळू. ती शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्याचे हातपाय धूत असे. रात्री त्याला थोपटून झोपवणे तिच्याकडेच आले होते. हे कोणी तिला सांगितले नव्हते. पत्नीला खाली वाकता येत नव्हते आणि मला ते काम माझे वाटत नव्हते. वर्गशिक्षिकेने मला शाळेत बोलावले. मुलगी मधल्या सुट्टीत खेळत नाही, डबा अर्धा ठेवते, महिन्यात तीनदा पोट दुखते म्हणून घरी जाऊ द्या म्हणाली, असे त्यांनी सांगितले.

"मैदानावर जा म्हटलं की म्हणते, बाळ एकटं आहे."

"घरी आजी-आजोबा आहेत," मी म्हणालो.

"मीही तेच म्हणाले. तर म्हणाली, ते मोठे आहेत."

त्यांना हसू आले. मला आले नाही. वाटेत मी नातीला समज दिली की शाळेत लक्ष शाळेकडे असावे. ती "हो आबा" म्हणाली. माझ्या चालीबरोबर राहण्यासाठी तिला धावावे लागत होते.

नवरात्राच्या सुमारास नातू अंगणातल्या फरशीवर पडला. कोपर सोलले. तो उठला, "आई" म्हणाला आणि सरळ बहिणीकडे गेला. तिने त्याला उचलले आणि म्हणाली, "हो रे, आले." बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द आला म्हणून मला बरे वाटले. त्या शब्दाचा अर्थ मी पाहिला नाही. डायरीत कोपराची नोंद आहे, शब्दाची नाही.

दिवाळीला सुनेला चार दिवसांची रजा मिळाली. ती सकाळी आली. केस कापलेले होते, चेहरा रापला होता, बरीच वाळली होती. दारातच बॅग ठेवून ती खाली बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. नातू बहिणीच्या मागे गेला आणि तिचा फ्रॉक धरून उभा राहिला. अनोळखी माणूस दाराशी आल्यावर मूल जसे पाहते तसे तो पाहत होता.

"अरे, आई आहे. जा ना," नात त्याला पुढे ढकलत म्हणाली.

त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिले. "आई," तो म्हणाला आणि तिच्या पायांना मिठी मारली.

नात आधी आईकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "मी नाही शिकवलं," ती म्हणाली.

सून तशीच बसून होती. पत्नीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत नेले.

त्या संध्याकाळी मी डायरी सुनेपुढे ठेवली. मुलाची आबाळ झालेली नाही, हे तिला कळावे असा माझा हेतू होता. तिने पहिल्या पानापासून वाचली. मी समोर बसलो होतो.

"वजन चांगलं वाढलंय," ती म्हणाली.

"हो."

तिने आणखी पाने उलटली. शेवटपर्यंत गेली, पुन्हा मागे आली.

"मामा, यात तो बोललाय कुठं?"

मी चष्म्यासाठी खिसा चाचपू लागलो.

"मी गेले तेव्हा त्याला बारा शब्द येत होते. काऊ म्हणायचा. मम म्हणायचा. पंखा दिसला की फूफू. मी मोजलेले ते." तिने डायरी मिटली. "रविवारी झोपलेला असायचा, ना?"

"नाही," मी म्हणालो. "जागा असायचा."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आले असते. ती उठली, भाताचे ताट घेऊन मुलापुढे बसली. त्याने तिच्या हातचा घास घेतला नाही. नातीने तेच ताट घेतले तेव्हा तो जेवला. सून शेजारी बसून पाहत होती.

चौथ्या दिवशी ती दुपारच्या गाडीने गेली. या वेळी तिने मला विचारले नाही. मुलाला समोर उभे करून सांगितले, "मी जाते. पुन्हा येणार आहे." तो रडला नाही. तिला रिक्षात बसताना पाहून तो घरात निघून गेला.

त्यानंतर चार महिने दर रविवारी फोन त्याच्या हाती देण्यात आला. तो थोडा वेळ पाही आणि फोन खाली ठेवी. नातीने आपल्यापुरता एक निर्णय घेतला. त्याने तिला आई म्हटले की ती ओ देत नसे. "मी ताई. आई फोनमध्ये आहे," असे सांगून ती दुसरीकडे पाहत उभी राही, आणि ते तिला जड जात आहे हे दिसे. काही दिवसांनी त्याने हाक मारणेच सोडले. तिलाही नाही आणि कोणालाही नाही. काही हवे असेल तर तो हात धरून नेऊ लागला. कान तपासले, ते चांगले होते. डॉक्टरांनी घरातली हकिगत विचारली. ती सांगण्याचे काम मी पत्नीकडे सोपवले नाही, मीच सांगितली.

प्रशिक्षण संपल्यावर सुनेला सातारा जिल्ह्यात नेमणूक मिळाली. मुले घेऊन ती साताऱ्याला पोलीस वसाहतीतल्या खोल्यांत राहायला गेली. मुले इथेच राहू देत, असे मी म्हणालो नाही. पत्नी म्हणाली. त्यावर सून म्हणाली, "आत्या, तुमी या की तिकडं. कवाबी या." माझ्याकडे तिने पाहिले नाही. पत्नीचे गुडघे प्रवास सोसत नाहीत. महिन्यातून एकदा मी एसटीने जातो.

सून माझा मान ठेवते. चहा देते, जेवल्याशिवाय सोडत नाही. झाल्या गोष्टीविषयी ती कधी बोललेली नाही. तिच्या घरात एकच नियम आहे. बाहेर जाणाऱ्याने मुलाला सांगून जायचे, दुकानातून दूध आणायचे असले तरी. ती बंदोबस्ताला निघते तेव्हा गणवेश घालून त्याच्यापुढे बसते आणि कधी येणार ते सांगते. तो अडीच वर्षांचा झाल्यावर पुन्हा बोलू लागला. तिला तो आई म्हणतो. झोप आली की मात्र बहिणीकडे जातो, अजूनही.

नात आता चौथीत आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा तिच्या वर्गाची एका दिवसाची सहल निघणार होती. तिने नाव दिले नव्हते.

"त्याला सांगून जा की. संध्याकाळी तर परत येशील," सून म्हणाली.

"त्याला सांगितलेलं खरं वाटत नाही," नात म्हणाली. ती भाजी निवडत होती. नऊ वर्षांच्या मुलीला सहसा भाजी निवडता येत नाही; तिला उत्तम येते. सहलीच्या दिवशी ती घरीच राहिली, असे नंतर फोनवर कळले.

त्या भेटीत निघताना मी नियम पाळला. नातू फरशीवर गाड्या रांगेत लावत होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो. या वयात बसणे सोपे नाही.

"मी आता सांगलीला जातो. पुढच्या महिन्यात येईन."

त्याने पाहिले नाही. हातातली गाडी रांगेच्या शेवटी लावली, वाकडी होती ती सरळ केली.

"जा," तो म्हणाला.

मी भिंतीला हात टेकून उठलो.