शीळ गेली तर दात परत

दातांच्या दवाखान्यात किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. खुर्चीवर बसलं की माणसाला अर्धा तास तोंड उघडं ठेवायचं असतं आणि गप्पही बसायचं असतं, आणि आमच्या भागातल्या माणसाला हे दोन्ही एकदम जमत नाही. मग जे काही बोलायचं ते तो खुर्चीवर बसायच्या आधी तरी बोलतो, नाहीतर उठल्यावर गुळण्या करता करता तरी! आणि ऐकायला समोर असते मी.

मी बारामतीत एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. फोन घेणं, कागद भरून घेणं, डॉक्टरांच्या हातात हवं ते हत्यार देणं आणि पेशंट जिन्यावरून पळून जात नाही ना हे बघणं, ही माझी कामं. शेवटचं सगळ्यात अवघड. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर इंदापूरला बसतात, तेव्हा मीही त्यांच्या गाडीतून जाते.

मध्यंतरी आमच्याकडे इम्प्लांटची लाटच आली. पडलेल्या दाताच्या जागी हाडात बारीक स्क्रू बसवायचा, तीन-चार महिने हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं आणि मग त्यावर नवा दात चढवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण ते समजावून सांगणं म्हणजे डॉक्टरांची परीक्षाच!

* * *

बावड्याचे भानुदासराव बोअर मारतात आणि बोअरच्या मोटारीही दुरुस्त करतात. त्यांची एक दाढ गेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे लावून हाड कुठे चांगलं आहे ते दाखवलं.

"म्हंजी ह्यो तुमचा पाणाड्या!" बोअरची जागा दाखवणारा माणूस भेटल्यासारखे भानुदासराव खूश झाले. "किती खोल जाणार?"

"दहा मिलिमीटर."

"एवढंच? आमी दोनशे फुटाच्या आत मशीन थांबवत न्हाय!"

मग त्यांनी स्क्रू हातात मागितला. निर्जंतुक पाकिटातला आहे, हात लावता येणार नाही म्हटल्यावर पाकिटावरूनच आटे मोजले आणि मान डोलावली. स्क्रू बसवायच्या दिवशी भूल दिली, गाल बधिर झाला, डॉक्टरांनी हत्यार हातात घेतलं, तेवढ्यात भानुदासरावांनी हात वर केला. खिशातून टेफलॉन टेपची गुंडाळी काढली आणि वाकड्या तोंडाने म्हणाले,

"आट्याला दोन येढं मारा. गळणार न्हाय, माझी ग्यारंटी!"

ती गुंडाळी अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे.

* * *

त्याच सुमारास कळंबचे तात्या आले. आले म्हणजे आणले गेले. मागे काकू उभ्या होत्या, थेट दाराच्या चौकटीत, पळायला फट न ठेवता.

तात्यांचे वरचे पुढचे दोन दात नव्हते. आठ वर्षांपूर्वी हौशा नावाच्या त्यांच्या बैलाने वेसण घालताना मान झटकली आणि दोन्ही दात गव्हाणीत पडले. आता ऊस ट्रॅक्टरवर, हौशाचा जोडीदार केव्हाच गेलेला. हौशा मात्र दारात आहे, नुसता लाडाचा.

"धाकल्या पोराच्या लग्नात येका बी फोटूत त्वांड उघडलं न्हाय ह्यांनी," काकू म्हणाल्या. "समदी इचारत्यात, पाव्हणं रुसलं हुतं का? आता थोरल्याच्या पोरीचं, नातीचं लगीन हाय. दात बसवा, नायतर मी मांडवात यांच्या शेजारी हुभी ऱ्हाणार न्हाय!"

तात्यांनी ओठ घट्ट मिटले. डॉक्टरांनी विचारलं, "भीती वाटते का?"

"दाताची न्हाय वाटत. शिळीची वाटती."

आणि त्यांनी त्या फटीतून शीळ घातली. लांबलचक, मधे हलकेच खाली उतरून पुन्हा वर जाणारी. वेटिंग रूममधलं रडणारं पोरगं रडायचं थांबलं! आमच्याकडे बैल पाण्यावर नेला की शीळ घालतात, तेव्हा तो निवांत पितो. पण हौशाचं त्याच्याही पुढचं होतं. दात पडल्यापासून तात्यांची शीळ या फटीतून निघायला लागली आणि ती ऐकल्याशिवाय हौशा पाण्याला तोंड लावत नाही, असं तात्यांचं म्हणणं.

"आठ वरसं झाली. माज्याबिगर दुसऱ्या कुणाच्या शिळीवर त्यो येक घोट प्यायला न्हाय. फट बुजली तर बैल मरंल माजा, डॉक्टर."

डॉक्टर हसले. तात्या हसले नाहीत. त्यांचे डोळे बघून मलाही हसू आवरावं लागलं.

* * *

शीळ एवढी झकास होती की तात्या आत गेल्यावर मी काउंटरवर बसून तशी घालून बघितली. मला शाळेपासून येते. अर्धी झाली नाही तोच काकूंनी माझ्या हातावर चापटी मारली.

"अगं बाय! बाईमाणसानं शीळ घालू न्हाय! शोभतं का?"

मी ओशाळून रजिस्टर उघडलं. काकूंचा चेहरा भलताच करारी होता.

* * *

संमतीपत्रावर सही घ्यायची होती. तात्यांनी सगळं वाचून घेतलं, म्हणजे मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "ह्यात माजी अट न्हाय."

"कुठली अट?"

"ल्ह्या. शीळ गेली तर दात परत."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी समजावलं, की हाडातल्या स्क्रूवर चढणारे दातही बारीक स्क्रूनेच बसतात, गरज पडली तर खोलून काढताही येतात. ही माहिती त्यांनी द्यायला नको होती! तात्या खुर्चीत सावरून बसले. शेवटी मी खाली कोपऱ्यात ते वाक्य लिहिलं, डॉक्टरांनी हसत हसत सही केली, आणि तात्यांनी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. घडी करून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून दोनदा चापटली.

* * *

स्क्रू बसले. डॉक्टरांनी बजावलं, "तात्या, तंबाखू पूर्ण बंद. हाड धरणार नाही."

तात्यांच्या आधी काकूच पेटल्या. "कवापासनं सांगतीया! तंबाखू म्हंजी इख! आजपासनं घरात पुडी दिसली तर बघा!" आणि त्यांनी तात्यांच्या नाकासमोर बोट नाचवलं.

ते बोट मशेरीने पार नखापर्यंत काळंभोर झालेलं होतं.

डॉक्टर त्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काकू, पुढचा नंबर तुमचा घेऊ का?"

* * *

हाडात स्क्रू मुरायच्या काळात बसवायला डॉक्टर काढघालीचे तात्पुरते दात देत होते. तात्यांनी ते घेतले नाहीत, कारण अर्थात हौशा. त्यात वेटिंग रूममध्ये त्यांना भेटले पळसदेवचे दगडूआबा.

आबांचे काढघालीचे दात होडीतून जाळं ओढताना एका शिंकेसरशी उजनी धरणाच्या पाण्यात गेले होते. म्हणून ते इम्प्लांट करत होते. तरी जुन्या दातांची आशा काही सुटत नव्हती.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडाल्यालं जुनं देऊळ वर येतंय न्हवं? तवा दात बी घावत्याल!"

आम्ही सगळे हसलो. मे महिन्यात आबा नवे दात चमकवत आले आणि टेबलावर रुमाल सोडला. आत जुनी कवळी! गाळाने भरलेली, एका दाताला शिंपला चिकटलेला.

"चांगली हाय," आबा म्हणाले. "कुणाला बसली तर द्या."

* * *

आमच्या तात्यांनी मात्र दात चढवायची तारीख तीनदा पुढे ढकलली. एकदा उसाला पाण्याची पाळी आली म्हणून. एकदा डोकं दुखतंय म्हणून, जणू डोक्यालाच दात बसवायचे होते! तिसऱ्यांदा तर फोनच लागेना. काकू म्हणाल्या, "गावातली मंडळी तिरुपतीला गेल्यात, त्यांच्यासंगं गेलं. पाच दिस येत न्हाईत."

सहाव्या दिवशी तात्या तुळतुळीत डोक्याने हजर झाले. मला म्हणाले, "देवाला केस दिलं, आता दात घ्यायला आलुया."

रंग निवडायला डॉक्टरांनी नमुन्याच्या दातांची पट्टी पुढे केली. काकूंनी सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं, या वेळी धुतलेलं. तात्यांनी पट्टी खिडकीपाशी नेली, उन्हात फिरवून बघितली आणि मधलाच एक रंग निवडला.

"ह्यो. मालदांडी ज्वारीचा दाणा हाय. पार पांढरं काय बी खरं नसतंय."

* * *

लग्न रविवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी दात बसले. काकूंनी मोबाइलवर फोटो काढला, तात्या हसलेही. खरंच दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

शुक्रवारी सकाळी फोन आला. "डॉक्टर, त्यो कागद आठवतोय न्हवं? हौशानं पाणी टाकलंय."

इंदापूरला निघालोच होतो. डॉक्टरांनी वाट वाकडी करून गाडी कळंबला घातली.

हौदाजवळ हौशा उभा होता. ऊन चढलेलं, पाणी काठोकाठ, आणि तो मान वळवून लांब उसाकडे बघतोय. तात्यांनी आमच्यासमोर शीळ घालायचा प्रयत्न केला. फू... फू... नुसती हवा. हौशाने कानसुद्धा हलवला नाही. तात्यांचे डोळे भरून आले होते आणि मला एकदम फार वाईट वाटलं. इतके दिवस आपण या माणसाला हसत होतो!

शेजारच्यांनी शीळ घातली. डॉक्टरांनी घातली, ती प्रेशर कुकरसारखी निघाली. हौशाने त्यांच्याकडे पाठ केली. मला येत होती, पण काकू समोर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"खोला, डॉक्टर," तात्यांनी खिशातला कागद काढून आमच्यापुढे उलगडला. "फोटू गेलं खड्ड्यात."

डॉक्टर म्हणाले, "तात्या, दोन दिवसांवर लग्न आलंय."

"बैल दोन दिस ऱ्हाईल का?"

डॉक्टरांनी निमूट बॅग उघडली. तात्या पालथ्या घमेल्यावर बसले, तोंड आ केलं. मी टॉर्च धरला. डॉक्टरांचा स्क्रूड्रायव्हर दाताला टेकला, आणि तेवढ्यात शीळ आली.

लांबलचक. मधे हलकेच खाली उतरून पुन्हा वर जाणारी.

हौशाने मान वळवली, हौदात तोंड घातलं आणि घटाघटा प्यायला लागला. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. काकू दारात उभ्या होत्या. पदर तोंडावर ओढत होत्या, पण जरा उशिरा.

हौशाच्या पिण्याचा तेवढा आवाज. तात्यांचं तोंड अजून उघडंच होतं. बऱ्याच वेळाने ते मिटलं.

"तुला... येती?"

काकूंनी पदर सोडला.

"तुमी तिरुपतीला गेला हुता, तवा पाच दिस बैल काय बिनपाण्याचा हुता व्हय?"