दुसऱ्या नजरेचा रकाना

ऑफिसात मला सगळे रेडिओ म्हणतात. म्हणोत बापडे. माझं तोंड मिटत नाही हे खरंच आहे. माझ्या वहिनीचे डोळे गेले ते आजारानं, असं डॉक्टर सांगतात. पण आठ महिने ते कुणाला कळलं नाही ते माझ्या या तोंडामुळे, आणि हे सांगायला मला डॉक्टर नको.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आधी एका वकिलाकडे टायपिस्ट होती. दादा गेला तेव्हा ती बेचाळीसची, मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर ती एकटी, खाली मी आणि आमची ही. चार महिने ती खिडकीशी बसून होती. जेवायला बोलावलं की यायची, दोन घास खाऊन वर जायची. शेवटी मीच चिडलो. म्हटलं, "वहिनी, रडायचंय तर रड, पण आमच्या ऑफिसात येऊन रड. तिथे एक खुर्ची रिकामी आहे." वर्षभर शिकली, आणि ती खुर्ची तिची झाली.

आमचं काम सांगतो, घाबरू नका. फार लांबच्या दीर्घिका असतात, इतक्या लांबच्या की त्यांचा प्रकाश इथे पोचायला नऊशे-हजार कोटी वर्षं लागतात. त्यांच्यात नवे तारे जन्माला येत असतात आणि त्या ताऱ्यांभोवतीचा वायू तापून चमकतो. तो प्रकाश वाटेत ताणला जातो, आणि आपल्याकडे येईपर्यंत डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त होऊन बसतो. दुर्बिणीचं यंत्र तो फाकवून त्याची लांब पट्टी करतं. त्या करड्या, खरखरीत पट्टीवर कुठेतरी एक बारीक उजळ रेघ असते. ती कुठे बसलीय त्यावरून दीर्घिका किती लांब ते कळतं. अडचण एवढीच, की आपली हवासुद्धा अवरक्तात चमकते. तिच्या रेघा पुसून काढल्या तरी डाग मागे राहतात, आणि कॉम्प्युटर त्यांनाच दीर्घिका समजतो. म्हणून माणसं लागतात. एकाच यादीतली एकेक पट्टी दोघांनी त्याच क्रमानं आपापली बघायची, रेघ कुठल्या आकड्यावर आणि खात्री किती ते लिहायचं. माझा रकाना "पहिली नजर", तिचा "दुसरी नजर". मध्ये प्लायवूडचा आडोसा, आणि नियम एकच, की एकमेकांशी बोलायचं नाही.

मी तिच्याशी बोलत नव्हतोच. मी पट्ट्यांशी बोलायचो. "ये ये राणी, एक पॉइंट सहा तीनला दडून बसलीस होय!" "ही कसली रेघ? ही तर हवा, चल नीघ!" आमच्या मुख्य शास्त्रज्ञ, त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो, त्यांनी मला दोनदा समज दिली. मी दोन्ही वेळा हो म्हणालो आणि पुन्हा सुरू झालो.

वहिनीची नजर काय होती, काय सांगू! शंभरातल्या बारा-तेरा पट्ट्यांवर तिचं माझं पटायचं नाही. महिनाअखेरीला मॅडमसमोर बसून त्यांचा निकाल लावायचा. मी शब्दाला शब्द वाढवायचो, ती ढिम्म. "भावोजी, ती रेघ नाही, ती तुमची हौस आहे," म्हणायची. आणि बहुतेक वेळा तीच बरोबर निघायची. मी तणतणत घरी आलो की ही विचारायची, "आजपण हरलात वाटतं?" चौदा वर्षं असं चाललं. वहिनीला त्या भांडणांत फार मजा यायची. मलाही यायची, पण तेव्हा कबूल कोण करतो!

गेल्या वर्षी भांडणं कमी व्हायला लागली. बाराची पाच झाली, पाचाची एक, आणि मग एकही नाही. आणि मी गाढव, मला वाटलं, जिंकलो! चौदा वर्षांनी का होईना, बाईला माझी किंमत कळली. हिला म्हटलं, "बघ, वहिनीला अखेर माझं पटायला लागलं." त्या दिवसांत वहिनी कपाबाहेर चहा ओतायची, तर मी म्हणायचो, "टेबलालापण चहा का, वहिनी?" भिंतीला हात लावून जिना उतरायला लागली, तर म्हटलं, "रंग निघतोय हं!" ती हसायची. रोज समोर दिसत होतं आणि मी विनोद करत होतो.

मग एका सकाळी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर आमचे दोन रकाने छापून ठेवलेले.

"सहाशे बारा पट्ट्या," त्या म्हणाल्या, "आणि सहाशे बारा वेळा एकमत. दोन माणसांचं एवढं जमत नाही. तुम्ही कुठे भांडता त्यावरूनच तर यादीत चुका किती असतील ते आम्हाला कळतं. कुणी कुणाचं उतरवलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी उतरवेन? मी पहिली नजर आहे! आणि ती तरी कशाला उतरवेल? तिला काय स्वतःचे डोळे नाहीत?"

"नाहीत, भावोजी," वहिनी म्हणाली.

मला आधी ती रागानं बोलतेय असंच वाटलं. मग तिनं सगळं सांगितलं, हळूहळू, मांडीवर हात ठेवून. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात, मधोमध काळा डाग. जिथे बघावं तिथे तोच. पण बोटं टायपिस्टची, कीबोर्ड न बघता चालायची. आडोशापलीकडून माझं सगळं ऐकू यायचं, आकडा काय, खात्री किती. तेवढं ती टाइप करत गेली.

"डॉक्टरकडे गेले असते तर ते कागदावर आलं असतं," ती म्हणाली, "आणि कागदावर आलं की खुर्ची गेली. घरी मी ह्यांच्या मागे राहिलेली बाई. तुम्ही सगळे खूप जपता, नाही असं नाही. पण इथे माझं मत विचारतात."

"अगं पण मला सांगायचं ना! मला!" मी ओरडलोच.

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळलं असतं, भावोजी."

मी मॅडमसमोर ढसाढसा रडलो. वहिनी चाचपडत उठली, माझा खांदा सापडल्यावर त्यावर हात ठेवला आणि मलाच समजावत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्याच्या मधोमध रक्त साकळलं होतं. "आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचलं असतं," ते म्हणाले. आठ महिने ती आणि मी एकाच घरात, एकाच बसनं, एकाच खोलीत होतो. आता तिला कडेकडेचं दिसतं. दारात कुणी आलं ते कळतं, चेहरा दिसत नाही.

त्या सहाशे बारा पट्ट्या मी नव्या माणसाबरोबर पुन्हा बघितल्या, तोंडाला कुलूप लावून. माझ्या छत्तीस चुका निघाल्या. वहिनीनं त्यातली एकसुद्धा सोडली नसती.

मी रोज संध्याकाळी वर जाऊन तिला दिवसभरातलं सांगतो. ती ऐकते, "हो का," म्हणते. परवा मी मुद्दाम एक चूक घेऊन गेलो. दीर्घिकेतल्या तापलेल्या वायूत ऑक्सिजन असला की त्याच्या दोन रेघा जोडीनं येतात, आणि उजवीकडची कायम डावीच्या तिप्पट ठळक असते, कधीच उलटं नसतं. नवीन आलेल्यांना वहिनी शिकवायची, "या दोघी जावा आहेत. उजवीकडे थोरली, तिचा आवाज तिप्पट." यात चुकलं की ती समोरच्याला सोलून काढायची, मग तो कुणी का असेना.

म्हटलं, "वहिनी, आज एक जोडी सापडली. डावीकडची मोठी, उजवीकडची बारीक. मी ऑक्सिजन लिहिलं. वर खात्रीसुद्धा लिहिली."

आणि थांबलो. म्हटलं, आता उसळेल. आता म्हणेल, भावोजी, डोकं गहाण ठेवलंत का? माझे कान तेवढ्यासाठी आसुसले होते.

तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल, भावोजी."