घर बघायला येणार

चंद्रिकाच्या घरात जो घोळ झाला त्याचं मूळ एका शब्दात आहे, आणि तो शब्द माझ्या तोंडून गेला. हे आधीच कबूल करून टाकतो.

मी शिवयोगी. छत्तीस वर्षं शाळेत कारकुनी केली, आता निवृत्त आहे. सोलापूरच्या शेळगीतली आमची सगळी गल्ली मला अण्णा म्हणते आणि कुणाला कसला फॉर्म भरायचा असला की माझ्या दारात येते. कागद मला कळतो. माणसं कळत नाहीत, असं काशम्माचं म्हणणं. काशम्मा म्हणजे आमची मंडळी. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण या मतात तिनं अजून काही फेरफार केलेला नाही.

चंद्रिका आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. माहेर मंद्रूपचं. नवरा शिवराज टेम्पो चालवायचा. मुलगी काव्या चौथीत असताना तो अपघातात गेला. सासरच्यांनी चार दिवस बसून ठरवलं की हिनं भावाकडे जाऊन राहावं. हिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना जेवू घातलं, आणि गेली नाही. महिन्याभरात भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, तो या उन्हाळ्यापर्यंत कधी थांबला नव्हता. तिचं काम कडक भाकरीचं. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत ठेवायची. ती महिना महिना टिकते. दुकानदार पुडे बांधून विकतात, परगावचे लोक हौसेनं घेऊन जातात. चंद्रिका रोज दीडशे थापायची. डोक्यावर पत्रा, समोर तवा, आणि बाहेर आपलं सोलापूरचं ऊन.

पण तिला कधीही विचारा, कसं चाललंय? उत्तर ठरलेलं. "काय बी कमी न्हाय बगा, अण्णा." पंखा जळाला आणि दोन उन्हाळे ती बिनपंख्याची तव्यापुढे बसली, तेव्हाही हेच. आमच्याकडून वाटीभर साखर तिनं कधी उसनी नेली नाही. उलट तिच्या दारातून कुणी न खाता परत गेलेला असेल तर मला दाखवा. या स्वाभिमानाचा मला कधीकधी रागच येतो. माणसानं थोडं तरी रडावं, म्हणजे शेजाऱ्याला मदत करायला जागा राहते.

काव्या बारावीला सायन्सला कॉलेजात पहिली आली. पुण्याच्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागेल एवढे मार्क पडले. पण नंबर लागणं वेगळं आणि फी भरणं वेगळं. पुण्याची एक संस्था हुशार आणि गरजू मुलांची चारही वर्षांची सगळी फी भरते. राज्यभरातून अर्ज येतात काही हजार, आणि मुलं घेतात तीस. काव्याचा अर्ज मीच भरून दिला. तिनं परीक्षा दिली, पास झाली. पुण्याला जाऊन मुलाखत दिली, तीही पास झाली. आता ऐंशी मुलं उरली होती आणि एकच पायरी. ही फी मिळाली नाही तर काव्या आईशेजारी दुसरा तवा मांडणार, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मे महिन्याच्या शेवटी पत्र आलं. एक ते पंधरा जून या काळात आमचे प्रतिनिधी पूर्वसूचना न देता गृहभेटीस येतील, विद्यार्थी व पालकांनी घरी उपस्थित राहावे.

चंद्रिका पत्र घेऊन माझ्याकडे आली. "अण्णा, गृहभेट म्हंजी वो काय?"

"अगं, तुमचं घर बघायला येणार आहेत," मी म्हटलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आता तुम्हीच सांगा. पोरगी अठराची, आणि घर बघायला येणार! आपल्याकडे घर बघायला कोण येतं? स्थळाकडची माणसं. सोयरीक ठरण्याआधी चार जण येतात, भिंती बघतात, भांडी बघतात, ताटात काय पडतंय ते बघतात. त्यांच्यापुढे घरातलं उणं दिसू द्यायचं नसतं. हे चंद्रिकाला तिच्या आईनं शिकवलेलं. घर बघून हे लोक हो किंवा नाही म्हणणार, एवढं तिला बरोबर कळलं. नेमकं काय बघून हो म्हणणार, ते मी सांगितलंच नाही. मला वाटलं, एवढं कुणालाही कळतं.

काव्याला कळत होतं. ती आईला म्हणालीसुद्धा, "आहे तसंच राहू दे घर."

"तुला काय कळतंय? बघायला येणाऱ्याला कुणी हाय तसं दावतंय व्हय?"

एक जूनपासून दोघी घरात अडकल्या. कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून चंद्रिका दुकानात भाकरी पोचवायला जाईना. दुकानदारानं दोन दिवस वाट बघितली आणि दुसऱ्या बाईकडून माल घ्यायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा काशम्मानं यांच्या घागरी भरल्या, कारण या दोघी दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. मंद्रूपला भावाच्या मुलाचं लग्न होतं, तेही चुकलं. सख्ख्या आत्याशिवाय हळद लागली. भाऊ फोनवर नाही नाही ते बोलला. चंद्रिका "व्हय, व्हय" म्हणत राहिली आणि फोन ठेवून दाराकडे तोंड करून बसली. पत्र्याखाली तापलेल्या त्या दोन खोल्यांत दोघी नव्या साड्या नेसून वाट बघत होत्या.

नऊ तारखेला मी दोन दिवसांसाठी कुर्डुवाडीला थोरल्या मुलीकडे गेलो. परत येऊन दार उघडतो तर बैठकीच्या खोलीत सोफा नाही. फ्रिजच्या जागी नुसता चौकोनी डाग. आणि स्वयंपाकघरात कमरेएवढ्या उंचीच्या भाकरीच्या टोपल्या.

"चोर भाकऱ्या ठेवून गेले का?" मी काशम्माला विचारलं.

"वरडू नका. चंद्रिकाकडं नेलाय सोफा. जन्मात पयल्यांदा कायतरी मागितलं तिनं." काशम्मा खूश होती. हीच काशम्मा, नातवंडांनी सोफ्यावर पाय ठेवले तर घर डोक्यावर घेते.

मी तसाच शेजारी गेलो. काजळलेल्या भिंतीवर नवी कोरी चादर टांगलेली. तवा नाही, परात नाही, पिठाचा डबा नाही. माझ्याच सोफ्यावर चंद्रिका बसली होती आणि तिचं तोंड नुसतं फुललं होतं.

"येऊन गेल्या, अण्णा! सकाळीच आल्त्या. राजश्रीताई म्हणून, पुण्याच्या. लई चांगली बाई. मी कानडीत बर्री, कूड्री म्हणलं तर हसल्या. मग म्हणलं, या, बसा. गव्हाची गोड हुग्गी खाल्ली, शेंगाची पोळी खाल्ली. काय अडचण हाय का म्हणून इचारलं. मी म्हणलं, देवाच्या दयेनं काय बी कमी न्हाय आमाला."

मी काव्याकडे बघितलं. ती कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. जाताना त्या बाईंनी ज्या कागदावर सह्या घेतल्या त्याचा फोटो होता. घरातील वस्तू: सोफा संच, फ्रिज. आर्थिक अडचण: पालकांच्या सांगण्यानुसार नाही. खाली चंद्रिकाची सही आणि शेजारी काव्याची.

"अगं, तू का नाही बोललीस?" मी काव्यावर खेकसलो.

"पाहुण्यांसमोर आईला खोटं पाडू?" एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर आईशी बोलायचीच बंद झाली.

मग मी चंद्रिकाला समजावून सांगितलं. जे पंधरा दिवस आधी, पेपर बाजूला ठेवून सांगायला हवं होतं, ते. हे लोक सोयरे नव्हेत. यांना कमी बघायचं असतं. जिथं कमी, तिथं पैसे. तिच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी तिला ते पटलंच नाही. घरात कमी आहे हे बघायला मुद्दाम पुण्याहून माणूस येतो, यावर कुणाचा विश्वास बसेल? पटलं तेव्हा ती सोफ्यावरून उठली आणि खाली फरशीवर बसली.

"मग फोन लावा की. सांगा त्यास्नी."

मी फोन काढलाही. पण कारकुनाची खोड, आधी अर्ज उघडून वाचला. नवव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं: अर्जदार अथवा पालकांनी दिलेली माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द होईल. म्हणजे गप्प बसलं तर खातंपितं घर म्हणून नाव कटणार, आणि खरं सांगितलं तर खोटं बोलले म्हणून कटणार. आयुष्यभर लोकांना कागदातून वाटा काढून दिल्या, पण ही मला सापडेना.

"गप्प बसा," मी शेवटी म्हटलं. "मार्क चांगले आहेत. कदाचित मार्कांवर घेतील."

पुढचे बारा दिवस गेले तसे वैऱ्यावरही येऊ नयेत. सोफा, फ्रिज माझ्या घरी परत आले, पण भिंतीपलीकडे थापण्याचा आवाज नाही. दुकानदार परत माल घेईना. बोलण्याचाही आवाज नाही. काव्या मोबाइलवर संस्थेचं पान उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. पानावर एकच ओळ: अहवाल प्राप्त, निर्णय प्रलंबित. चंद्रिका तिला जेवायला वाढायची आणि ताट आणायला पुन्हा जायची, तेवढाच काय तो दोघींचा संबंध. काशम्मा मला म्हणाली, "तुमच्या येका शब्दानं दोन बायका मारल्या."

बावीस तारखेला सगळ्या ऐंशी मुलांना संस्थेचा मेसेज आला. दिलेल्या माहितीत काही बदल असल्यास चोवीस तारखेपर्यंत ई-मेलने कळवावे.

चंद्रिकानं मला बोलावलं. काव्या मोबाइल घेऊन समोर बसली. मजकूर मी सांगायचा होता.

"लिही," मी म्हटलं. "गैरसमजातून काही चुकीची माहिती दिली गेली. दिली गेली, असंच लिही. कुणी दिली ते त्यात येत नाही."

"न्हाय अण्णा, सरळ लिवा." चंद्रिका म्हणाली. "लिवा की मी खोटं बोलले. सोफा माझा न्हाय, फ्रिज माझा न्हाय. भाकऱ्या थापून पोरगी वाढवली मी, आन् त्याच लपवून ठिवल्या. आमाला कमी हाय म्हणून लिवा. लई कमी हाय. आन् पोरीला ह्यातलं काय बी म्हाईत नव्हतं म्हणून लिवा. तिच्यावर यायला नगं."

काव्याची बोटं थांबली. बारा दिवसांनी पहिल्यांदा ती आईशी बोलली. "मला माहीत होतं."

"तू गप बस."

"मी तिथंच बसले होते, आई. सही माझीपण आहे."

"तुजं नाव आलं तर कागूद रद्द करत्यात! अण्णा, सांगा की हिला!"

मी सांगितलं. नववं कलम पुन्हा वाचून दाखवलं. अर्जदारानं स्वतः कबूल केलं तर बोलायलाच जागा राहत नाही, आईनं एकटीनं अंगावर घेतलं तर निदान त्यांना दया यायला वाव राहतो, हेही सांगितलं. काव्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं. पोरीला माहीत नव्हतं, एवढं गाळलं होतं. बाकी आईचं प्रत्येक वाक्य होतं तसं होतं, फक्त खोटं बोलण्यात आणि लपवण्यात जिथं 'मी' होतं तिथं 'आम्ही' झालं होतं. आम्ही खोटं बोललो.

"काड त्ये!" चंद्रिका मोबाइलवर झेपावली. तोवर काव्यानं पाठवून दिलं होतं.

चंद्रिकानं तिच्या थोबाडीत मारली. माझ्यासमोर, अठरा वर्षांच्या पोरीला. आणि तिलाच गळामिठी घालून मोठमोठ्यानं रडायला लागली. शिवराज गेला तेव्हाही भिंतीपलीकडून हा आवाज आला नव्हता. मला तिथून उठून जायला हवं होतं, पण मी बसूनच राहिलो.

बऱ्याच वेळानं चंद्रिकानं विचारलं, "नाव गेलं तर माझ्यामुळं गेलं म्हणशील न्हवं?"

"नाही."

"मग काय म्हणशील?"

"आपलं गेलं म्हणेन."

संस्थेकडून एका ओळीचं उत्तर आलंय, ई-मेल मिळाला म्हणून. यादी तीस तारखेला लागणार आहे. आज अठ्ठावीस.