आधी डावा कोपरा

कुवेतमध्ये अब्बासियाहून अम्गराच्या यार्डात जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझा एक सहकारी रोज माझ्या शेजारी बसतो. बोलायला लागला की पुढच्या सीटची दांडी तो घोटा पकडावा तशी दोन्ही हातांनी आवळतो. विषय एकच, कबड्डी.

"राव, चढाई करणारे पायलीचे पन्नास मिळतात. संघ निवडताना आधी डावा कोपरा उचलायचा. बचावच नसेल तर आणलेले गुण टिकणार कसे?"

मी डाव्या कोपऱ्यातच खेळतो, त्यामुळे हे ऐकायला मला गोड लागायचं. कुणी चढाईवाल्याची बाजू घेतलीच, तर हा त्याला वाक्य पुरं करू द्यायचा नाही.

यंदा मराठी मंडळाच्या स्पर्धेत तो कर्णधार झाला आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पहिली निवडही त्यालाच मिळाली. आम्ही सगळे खेळाडू रांगेत उभे होतो. माझ्या पलीकडे आमचे मॅनेजरसाहेब होते, हाफपँटच्या वर पोट सांभाळत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, या ना. तुमच्यासारखी चढाई इथे कुणाची आहे?"

मला दुसऱ्या संघाने घेतलं. साहेब पहिल्याच चढाईत सापडले. त्यांचा घोटा मीच धरला होता. त्याचा संघ सपाटून हरला.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कामावर निघालो, तेव्हा बसमध्ये त्याने पुन्हा दांडी आवळली आणि मलाच म्हणाला, "सांगत होतो ना राव? ज्याच्याकडे कोपरा, तोच जिंकतो."

साहेब बसने येत नाहीत, त्यामुळे आवाज चांगला खणखणीत होता.