कुंडीत लावून बघा

"उपटा म्हणते ना मी. आत्ताच्या आत्ता."

"अगं, उपटून काय होणार? मी ओळखलंय ना."

"तुम्ही एकट्यानेच ओळखलंय. शनिवारपर्यंत तुम्हीही ओळखू नका."

"आणि शनिवारनंतर?"

"शनिवारनंतर निवृत्त माणसाच्या बाल्कनीत काय उगवलंय ते विचारायला कुत्रंही येणार नाही."

मामा-मामींच्या भांडणाचं कारण बाल्कनीतल्या कुंडीत उभं होतं. कमरेएवढं उंच, चारी बाजूंना फांद्या फेकलेलं, पिवळ्या फुलांनी लगडलेलं. अगदी पाहुण्यासारखं मोकळं होऊन बसलेलं. मामा त्याच्याकडे बघत होते, आणि मामी मामांकडे.

मामा विद्यापीठात वनस्पतींचं वर्गीकरण शिकवतात. कुठलं झाड कोणतं ते सांगायचं, आणि दुसऱ्या कुणी आधीच सांगितलं असेल तर ते कसं चुकलंय हे दाखवायचं, असं ते काम. यातल्या दुसऱ्या भागात त्यांचा हातखंडा. आजोबांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. तो झालाही, पण प्रबंध लिहून. तेव्हा शेजारच्या आजी हौसेने गुडघा दाखवायला आल्या. मामांनी त्यांच्या शालीला चिकटलेलं कुसळ काढलं, भिंगाखाली धरलं आणि आजी कुठल्या मैदानावरून चालत आल्या ते अचूक सांगितलं. गुडघा होता तसाच राहिला.

त्यांची खोली विभागाच्या अगदी टोकाला, स्वच्छतागृहाच्याही पलीकडे. लोखंडी कपाटं, कपाटांत जाड कागदांवर दोऱ्याने शिवलेल्या वाळक्या वनस्पती आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. त्या वासाने कीड लांब राहते, विद्यार्थीही. विभागातले बाकीचे प्राध्यापक वेळेवर जनुकांकडे वळले. तिकडे यंत्रं आली, यंत्रांसाठी एसी आला, एसीसाठी माणसं आली. मामांकडे एक पंखा होता, तोही बंद, कारण पाकळ्या उडतात.

विभागात त्यांना खोडरबर म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येईल इतपत. कुणी नवी प्रजाती सापडल्याचं जाहीर केलं, की मामा अभिनंदनाचं चार ओळींचं पत्र पाठवायचे आणि खाली थोडं बी मागायचे. बी आलं की कुंडीत. खडकावर उपाशी राहून वेगळी दिसणारी वनस्पती कुंडीत खाऊनपिऊन सुखी झाली, की निमूटपणे जुन्या रूपावर यायची. मग मामा तिला वाळवायचे, कागदावर शिवून पुरावा म्हणून कपाटात ठेवायचे आणि छापून मोकळे व्हायचे: ही नवी नव्हे, जुनीच. नाव रद्द. एका सहकाऱ्याने आपल्या आईचं नाव दिलेली वेल अशीच खोडली. तो बिचारा अजून जिन्यात मामा दिसले, की काहीतरी विसरल्यासारखं करून वर परत जातो.

"आईचं नाव होतं हो," मामी तेव्हा म्हणाल्या होत्या.

"आईबद्दल माझी काही तक्रार नाही," मामा म्हणाले. "वेल जुनी आहे."

या लोकांत एक रीत आहे. वनस्पतीला आपलंच नाव आपण द्यायचं नाही. बंदी नाही, पण लोक हसतात. ते दुसऱ्याने द्यावं लागतं, म्हणून सगळे एकमेकांना देतात. बसमध्ये 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' चालतं तसं. विभागप्रमुखांच्या नावाचं एक शेवाळ आहे. ज्याने ते नाव दिलं त्याला लगेच बढती मिळाली, हा योगायोग. प्रमुखांची बायको प्रत्येक समारंभात 'आमचं शेवाळ' असं म्हणते, जसं काही ते घरी येऊन दूध पितं. मामी शेजारी बसून कप ढवळत राहतात. खोडरबराला नाव कोण देणार?

दिलं एका मुलीने. मामांची शेवटची विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवते. तिला विद्यापीठाच्या मैदानावर बोटभर उंचीची वनस्पती सापडली. एवढीशी असून फुलावर आलेली. तिने मापं घेतली, चित्रं काढली, नवी प्रजाती म्हणून छापली आणि नाव दिलं सरांचं. मामांनी छापलेली पानं वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"चित्र बरं काढलंय," एवढंच म्हणाले. आणि त्यांनी बी मागितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

बी मागितलं मामींनी. नवऱ्याच्या नावाचं झाड आपल्या घरात नको? पेरलं, पाणी घातलं, खत घातलं. ते वाढू लागलं तेव्हा त्यांनी ज्याला त्याला बाल्कनीत नेऊन दाखवलं. "जोमदार आहे. नावाचा परिणाम नाही झाला अजून." मामा त्या दिवसांत चहा स्वयंपाकघरातच प्यायचे. बाल्कनीत वारा लागतो म्हणे. आज सकाळी मामींनीच कौतुकाने हात धरून नेलं. मामांनी एक पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणाले, "हे रस्त्याकडेचं तण आहे. मैदानावर गवत कापायचं यंत्र फिरतं, म्हणून खुरटं राहतं."

शनिवारी मामांचा निरोप समारंभ. त्यात या वनस्पतीचं चित्र त्यांना द्यायचं ठरलेलं.

"सगळ्यांना खोडलंत," मामी म्हणत होत्या, "आता एकदा स्वतःला ठेवा की."

"सगळ्यांना खोडलं म्हणूनच."

"हे वाक्य भाषणात घ्या. टाळ्या पडतील."

तेवढ्यात बेल वाजली. दारात तीच विद्यार्थिनी, दोन्ही हातांत शनिवारी द्यायची भली मोठी फ्रेम, आधी सरांना दाखवायला आणलेली. मामींनी झटकन बाल्कनीचा पडदा ओढला आणि त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"पडदा कशाला, काकू?"

"ऊन येतं गं."

"बाहेर ढग आहेत."

"ढगांचं ऊन."

पडद्याच्या कडेने एक फांदी फुलासकट आत आली. मामींनी ती कोपराने मागे ढकलली. ती परत आली. मुलीने फ्रेम हळूच भिंतीला टेकवली.

"मी दिलेलंच बी ना?"

"बी तुझंच," मामी म्हणाल्या. "पाणी मी घातलं. चूक झाली."

मामा खुर्चीत बसले. "मैदानावर यंत्र फिरतं, माहीत होतं तुला?"

"हो, सर."

"मग कुंडीत लावून का नाही बघितलंस?"

"लावलं. छापून आल्यावर."

"किती वाढलं?" खोडरबर ते खोडरबरच.

"कमरेपर्यंत. मग उपटून टाकलं." ती फ्रेमकडे बघत बोलत होती. "कुणी विचारणारच नव्हतं, सर. असं विचारणारे तुम्ही एकटेच. आणि तुम्ही बी मागितलं नाहीत. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, तुम्हाला कळलंय. आणि तरी राहू देताय."

मामांनी चष्मा काढला. फ्रेममधल्या बोटभर वनस्पतीखाली सुबक अक्षरांत त्यांचं नाव होतं. त्यांनी ते चष्म्याशिवायच बराच वेळ वाचलं.

"हे रद्द झाल्याचं तू छापणार की मी?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत असा पर्याय त्यांनी कुणालाच दिला नव्हता. मुलगी म्हणाली, "तुम्हीच लिहा. माझ्याने नाही होणार."

मामा उठले. पडदा सारून त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरली. पिवळी फुलं त्यांच्या कानाला घासत होती. मामी दारापर्यंत मागोमाग गेल्या.

"विभागात नेताय? वाळवायला?" मग आवाज खाली आला. "अहो, बी नाही मागितलंत तुम्ही. आवडलं होतं ना? तेवढं तरी सांगा."

झाड दाराच्या चौकटीला अडलं. मामांनी ते नीट वाकवून बाहेर काढलं, एकही फूल पडू दिलं नाही, आणि जिना उतरू लागले.