हार घातलेले काका

आमच्या काकांइतक्या हौसेनं मेलेला माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा सापडायचा नाही. रोज दुपारी अडीच वाजता ते टीव्हीवर स्वर्गवासी असत आणि तीन वाजता नेहरू नगरच्या चौकात कचोरी खात उभे असत. त्याचं असं झालं, की सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून, तुलसी नगरचं क्वार्टर सोडून काका नव्या घरी राहायला आले, आणि त्याच सुमारास तलावाकाठच्या एका बंगल्यात दुपारच्या हिंदी सिरियलचं शूटिंग सुरू झालं. रिकामा वेळ आणि बघ्यांची गर्दी, दोन्ही काकांना प्रिय. सिरियलमधल्या घरात भिंतीवर दिवंगत बाबूजींचा फोटो लावायचा होता. दिग्दर्शकानं गर्दीतून काकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "इन अंकल को लो. शकल से ही लगता है, जा चुके हैं." दुसरा कुणी असता तर कॉलर धरली असती. काका घरी धावले आणि लग्नातला काळा कोट चढवून परत आले.

फोटो लागला, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हारही पडला, आणि घरी महाभारत सुरू झालं. जिवंत नवऱ्याच्या फोटोला हार! "माझ्या कुंकवाला हार घालून भिंतीवर टांगलंय, आणि हे गल्लीत पेढे वाटतायत," असं काकू येईल त्याला सांगत. तो हार उतरल्याशिवाय सिरियलकडे बघणार नाही, अशी त्यांनी शपथच घेतली. अडीच वाजले की त्या स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावत, वाटायचं काही असो वा नसो. काका त्यांची समजूत घालत, "अगं, सिरियलमधे मेलेला माणूस परत येतोच. उसूल है! मी परत आलो की हार आपोआप उतरेल." सगळं घोडं तिथंच अडलं होतं. काकांना परत यायचं होतं, आणि येऊन एक, फक्त एक डायलॉग म्हणायचा होता. तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. दार उघडतं, बाबूजी उंबऱ्यावर उभे, विधवा पत्नी सुमित्राच्या हातून पूजेचं ताट पडतं. बाबूजी म्हणतात, "सुमित्रा, मैं लौट आया." सुमित्रा म्हणते, "इतनी देर कर दी?" बस्स. याची तालीम रोज सकाळी न्हाणीघरात चाले, बाबूजी खर्जात आणि सुमित्रा बारीक आवाजात. बाहेरून काकू ओरडत, "दोघांनी मिळून पाणी संपवू नका!"

खरं म्हणजे फोटोला शूटिंगला जावं लागत नाही. काका मात्र रोज जात. "जरा टेढा लटकवला तर?" हे त्यांचं कारण. फोटो सरळ आहे हे पाहिलं, की ते चहाच्या टेबलाजवळ ठाण मांडत आणि आतल्या बातम्या गोळा करत. रविवारी मराठी मंडळात त्या बातम्यांसाठी लोक पुढच्या खुर्च्या धरून बसायचे. मोठी सून आणि धाकटी सून कधीच एका वेळी केस मोकळे सोडत नाहीत, कारण दोघींत मिळून गंगावन एकच आहे. एकमेकांचा गळा धरणारे दोघे भाऊ दुपारी एकाच डब्यातले पराठे खातात. आणि ती दुष्ट आत्या, जी दुधात विष कालवते, ती मांजराला घाबरून टेबलावर चढते. हे सगळं सांगून काका आवाज खाली आणत आणि बजावत, "बात बाहेर जाऊ देऊ नका हं." ती बात काकांच्याच तोंडून करोंदच्या धान्यबाजारापर्यंत पोहोचलेली असे.

पण वर्ष उलटलं तरी बाबूजी काही परत येईनात. तेव्हा कुणा नटानं काकांना कानमंत्र दिला, की ज्याची बातमी छापून येते त्याचाच रोल वाढतो. झालं! काकांनी एका हिंदी पेपरच्या पोरसवदा वार्ताहराला कचोरी खिलवली आणि मिशीत हसत म्हणाले, "सुमित्रा जी और हमारे बीच जो है, वो हम बता नहीं सकते." यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्यात काही नव्हतंच, तर सांगणार काय? दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'परदे की विधवा और स्वर्गीय बाबूजी में पक रही खिचड़ी!' खाली काकांचा फोटो. पेपरवाल्यांकडे एकच फोटो होता, तो हारासकट छापला.

समोरच्या देशपांडेबाईंनी चष्म्याशिवाय पेपर उघडला. त्यांना काका दिसले, हार दिसला आणि 'स्वर्गीय' एवढा शब्द दिसला. ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही रीत आमच्या मंडळींनी नागपूरहून इथं येताना जपून आणली आहे. तासाभरात देशपांडेबाई डोळे पुसत पातेलं घेऊन दारात हजर. दार काकांनीच उघडलं, बनियनवर. बाई मटकन पायरीवरच बसल्या. काकांनी पातेलं सावरलं, झाकण उचललं आणि विचारलं, "लसणाची फोडणी आहे ना?" मागून काकू पेपर घेऊन आल्या. "एक तर मेले म्हणा, नाही तर लफडं म्हणा," त्या कडाडल्या, "दोन्ही एकाच सकाळी मला झेपायचं नाही!"

सुमित्राचं काम करणारी बाई भली होती, ती पोट धरधरून हसली. सिरियलवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी काकांचा फोटो उतरवला आणि कुणा फेटेवाल्याचा लावला. त्या घरातला सासरा बदलला आणि एकाही सुनेच्या लक्षात आलं नाही. काकांचा फोटो घरी आला. काकूंनी त्याचा हार ओरबाडून कचऱ्यात टाकला आणि फोटो कपाटात आपल्या साड्यांखाली ठेवला. जिंकल्या त्याच होत्या, पण मला म्हणाल्या, "हार गेला ते बरंच झालं रे. पण यांचं तोंड बघवत नाही." काकांनी चौकात जाणं सोडलं. न्हाणीघरातही आता फक्त पाण्याचा आवाज यायचा.

त्याच हिवाळ्यात काकांच्या छातीत दुखू लागलं आणि मोठं ऑपरेशन करावं लागलं. आम्ही सगळे फार घाबरलो होतो. दवाखान्याच्या बाकावर काकू माझ्याशेजारी बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, "तो हार डोळ्यांपुढून जात नाही."

काकांना घरी आणलं तेव्हा काकू भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात उभ्या होत्या. माझ्या खांद्याचा आधार घेत काका उंबऱ्याशी थांबले. कोट अंगावर नुसता लोंबत होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं, चौकट धरली, आणि होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून म्हणाले, "सुमित्रा, मैं लौट आया."

आता काकू फाडकन काहीतरी बोलणार, अशी माझी खात्री होती. या बाईनं उभ्या जन्मात हिंदीचं वाक्य धड उच्चारलं नाही, भाजीवाल्याशीसुद्धा त्या मराठीतच भांडतात. पण न्हाणीघराच्या दाराआडून रोज ऐकलेलं ते वाक्य त्यांनी एकही शब्द न चुकता म्हटलं, "इतनी देर कर दी?"

पुढचा डायलॉग काकांनी लिहिलाच नव्हता.