दुपारी बारा वाजता मासळीचा धंदा बघायला

पुण्याहून निघताना साहेब म्हणाले, "मासे खाऊन ये आणि त्या बाईचा अर्ज नाकारून ये." आमची कंपनी छोट्या धंद्यांना कर्ज देते, म्हणजे जाहिरातीत देते. देण्याआधी धंदा खरोखर आहे का, हे माझ्यासारखा कुणीतरी जाऊन बघतो.

आंबा घाटाने पोटातलं सगळं बाहेर काढलं. लॉजवर जरा पडून मिरकरवाड्याच्या जेटीवर पोचेपर्यंत बारा वाजले. अर्जदार सुगंधा मावशी भेटल्या. जागा स्वच्छ धुतलेली, माशांची पाटी उपडी, शेजारी एक मांजर. मी फोटो काढून फोनवरच्या फॉर्मात लिहिलं, 'धंदा आढळला नाही.' पाठवायचंच राहिलं होतं.

"म्हावरा (मासळी) कुठाय, मावशी?"

"नवाच्या आत खपला. शिल्लक बघूक आलाव काय? शिल्लक राहिला तर धंदा कसला वो?"

मी वरमलो. त्यांना जुना टेम्पो घ्यायचा होता. लांज्याच्या बाजाराला जायचं तर एस्टीचा कंडक्टर पाटी बघून दार लावून घ्यायचा. टेम्पोचा मालक शनिवारपर्यंतच थांबणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डोळे चोळत जेटीवर गेलो. लिलावात मावशींनी नुसती मान हलवली आणि बांगड्यांच्या दोन पाट्या त्यांच्या झाल्या. पैसे संध्याकाळी. कागद नाही, सही नाही, जामीन नाही. मला आमच्या बावीस पानी अर्जाची लाज वाटली.

चेव येऊन मीही त्यांच्याकडून सुरमई घेतली. नेमकं फोनवरून पैसे जाईनात. मावशींनी मासा पिशवीत कोंबला. "नंतर द्या."

"अहो, मला ओळखता तरी का?"

"पहाटे उठून परत आलाव ना? बस झाला."

लॉजच्या आचाऱ्याने ती तळून दिली. उधारीची सुरमई जरा जास्तच चवदार लागते. कालचं वाक्य खोडून लिहिलं, 'धंदा आहे, आम्हीच उशिरा उठतो.' पुण्यात साहेबांशी कडाक्याचं भांडण झालं आणि शुक्रवारी कर्ज मंजूर झालं.

पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन आला. सुरमईचे पैसे अजून दिलेच नव्हते. म्हटलं, "आत्ता पाठवतो!"

"ते पाठवा सावकाश. लांज्यातून बोलते, टेम्पोजवळून. तो कंडक्टर आलाय, बांगडे उधार मागतो. देऊ काय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा सल्ला कुणी इतक्या मनापासून विचारला नव्हता. मी म्हणालो, "द्या. पण आधी बावीस पानं भरून घ्या."